घर विकायचंय, पण कुणाला सांगू नका

अब्बांचा इंतकाल होऊन अकरा दिवस झाले होते. बाहेरच्या खोलीतल्या चटया अजून गुंडाळल्या नव्हत्या. असरनंतर एक गृहस्थ आले, हातात खजुराचा डबा. मोहल्ल्यातलेच, पण आमच्या घराचा उंबरा त्यांनी पूर्वी कधी ओलांडला नव्हता. त्यांनी अब्बांसाठी दुआ केली, अब्बा कारखान्यात जॉबर होते तेव्हाच्या दोन आठवणी सांगितल्या आणि उठता उठता थोरल्या भाईंना विचारले, "अम्मींची इद्दत कधी पुरी होते?"

आम्हाला बरे वाटले. आजकाल इद्दतीची चौकशी कोण करतो? भाईंनी तारीख सांगितली. चार महिने दहा दिवस. ते गृहस्थ जमीन-जागेचे एजंट आहेत आणि ती तारीख ते मनात टिपून घेऊन गेले आहेत, हे आम्हाला कळले तोवर आमचे घर विकून झाले होते.

ही २०१९ सालची गोष्ट. आता ती लिहायला बसलो आहोत, कारण गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीच्या तीन घरांत जवळजवळ हेच घडले. दुसरे कारण असे की आमच्याच मोहल्ल्यातली पाच-सहा तरुण मुले आता याच धंद्यात आहेत. आम्ही दोन्ही बाजूंना सलाम करणारे लोक, त्यामुळे दोन्ही बाजूंना जे सांगायचे ते एकाच लेखात सांगतो.

चार लाखांसाठी चाळीस लाखांचे घर

आमचे घर विजापूर वेशीच्या अलीकडच्या एका गल्लीत होते. जुने, दगडी भिंतींचे, वर पत्रे. अब्बांच्या आजारपणात कर्ज झाले होते. पतसंस्थेचे आणि नातेवाइकांचे मिळून चार लाख. पतसंस्थेचा माणूस दर आठवड्याला दारात उभा राहायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचा. धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली होती, त्याला तिथे भाड्याच्या घरासाठी अनामत भरायची होती. एक बहीण कलबुर्गीला दिलेली, दुसरी इथेच नई जिंदगीत.

खजूर घेऊन आलेल्या त्या गृहस्थांनी दुसऱ्या भेटीत स्वतःच विषय काढला. पतसंस्थेचे त्यांना माहीत होते. धाकट्याच्या पुण्याचेही माहीत होते. चाळीस लाख देतो म्हणाले. कागद लगेच, पैसे दोन टप्प्यांत, रजिस्ट्री इद्दत संपल्यावर, म्हणजे अम्मींना तोवर उंबऱ्याबाहेर पडायला नको. पतसंस्थेला आपण भेटतो, ती माणसे पुन्हा दारात येणार नाहीत. एकच अट घातली, "व्यवहार पुरा होईपर्यंत कुठे बोलू नका. मोहल्ल्यात चर्चा झाली की भाव पडतो."

ही अट आम्हाला अट वाटलीच नाही, कारण आम्हालाही तेच हवे होते. बाप गेला आणि पोरांनी महिन्याच्या आत घर विकायला काढले, असे कुणी म्हणू नये. शेजारच्या चाचांनासुद्धा आम्ही सांगितले नाही, ज्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एक होती.

शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर इसार पावती झाली. दीड लाख इसार, मुदत सहा महिने. अम्मींनी पडद्याआडून सही केली, बहिणींना फोनवर विचारले. त्या कागदात एक वाक्य होते, ते आम्ही वाचले आणि पुढे गेलो. त्याचा अर्थ असा की खरेदीखत "लिहून घेणार किंवा ते सांगतील त्या इसमाच्या" नावे करून द्यायचे.

इद्दत संपल्यानंतर नवव्या दिवशी आम्ही रजिस्टर ऑफिसला गेलो. खरेदीखतावर त्या गृहस्थांचे नाव नव्हते. एका कापड व्यापाऱ्याचे होते. आम्ही विचारले तर म्हणाले, "आपले भागीदार आहेत." सह्या झाल्या, अंगठे झाले, फोटो झाले. बाहेर चहाच्या टपरीवर त्या व्यापाऱ्याचा मेहुणा आमच्या शेजारी उभा होता. तो सहज म्हणाला, "भारी पडली हो जागा. छेचाळीस मोजले."

खरेदीखतावर चाळीसच लिहिले होते. वरचे सहा लाख आमच्या पाठीमागून गेले होते.

सहा लाख म्हणजे किती, ते आम्हाला वाटण्या करताना कळले. शरियतप्रमाणे आधी कर्ज फेडले, छत्तीस लाख उरले. त्याचे अठ्ठेचाळीस भाग केले. अम्मींचा आठवा हिस्सा म्हणजे सहा भाग, दोन भावांचे चौदा-चौदा, दोन बहिणींचे सात-सात. अम्मींना साडेचार लाख आले. दोन्ही बहिणींना सव्वापाच-सव्वापाच लाख. म्हणजे आमच्या आईला चाळीस वर्षांच्या संसारानंतर त्या घरातून जे मिळाले, त्याहून दीड लाख जास्त त्या गृहस्थांनी साडेचार महिन्यांत मिळवले, दीड लाखाच्या इसारावर.

पुढे महिनाभराने शेजारचे चाचा भेटले. त्यांच्या दोन मुलांची लग्ने व्हायची होती, त्यांना जागा हवीच होती. "मला विचारलं असतं तर मी चव्वेचाळीस दिले असते, भिंत पाडून घेतली असती," असे म्हणाले आणि मग बराच वेळ गप्प बसले. त्यांना वाईट पैशांचे वाटले नव्हते. चाळीस वर्षांच्या शेजाराला आम्ही न सांगता निघून गेलो, हे त्यांना लागले होते.

'नडीची पार्टी'

या धंद्याला अमेरिकेत एक मोठे नाव आहे, रिअल इस्टेट होलसेलिंग. स्वतःचे फारसे पैसे न घालता घरमालकाशी कमी भावात करार करायचा, आणि करार पुरा व्हायच्या आत तो करारच दुसऱ्या गिऱ्हाइकाला चढ्या भावाने देऊन टाकायचा. मधला फरक आपला. यात सगळे कौशल्य घर शोधण्यात नसते, ज्याला विकायची घाई आहे असा माणूस शोधण्यात असते. तिकडे त्याला 'मोटिव्हेटेड सेलर' म्हणतात. सोलापुरात 'नडीची पार्टी' म्हणतात. आमच्या मते सोलापूरचा शब्द जास्त प्रामाणिक आहे.

तिकडचे शिकवणारे लोक मोबाईलवर व्हिडिओ टाकतात आणि आमच्याकडची मुले ते पाहतात. तिकडच्या सरकारांनी मात्र या धंद्याला लगाम घालायला सुरुवात केली आहे, ते त्या व्हिडिओत येत नाही. ओक्लाहोमा राज्याने २०२१ मध्ये यासाठी जो कायदा केला, त्याच्या नावातच या व्यवहाराला 'भक्ष्य शोधणारा' अशा अर्थाचे विशेषण आहे. इलिनॉय राज्यात असे व्यवहार वारंवार करणाऱ्याला दलालीचा परवाना काढावा लागतो.

आपल्याकडे महारेराची नोंदणी एजंटाला लागते, परीक्षाही द्यावी लागते, पण ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी. जुन्या पेठेतले दगडी घर एका हातातून दुसऱ्या हातात घालणाऱ्याला तिची सक्ती नाही. त्यामुळे खजुराचा डबा घेऊन येणाऱ्याकडे कोणता परवाना आहे, हे विचारण्यात अर्थ नसतो.

ही नड शोधतात कशी, हे आम्हाला एका एजंटानेच सांगितले. वय पंचेचाळीसच्या आसपास, सात रस्त्याजवळ एका हॉटेलात बसतात. नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी तासभर मोकळेपणाने सांगितले. आम्ही काय भोगले ते त्यांना आधीच सांगून टाकले होते. त्यावर ते हसले नाहीत आणि माफीही मागितली नाही.

"मैय्यत झाली की पहिलं बघायचं, घर कुणाच्या नावावर आहे आणि वारस किती गावांत आहेत," ते म्हणाले. एक भाऊ भिवंडीत, एक आखातात, बहिणी कर्नाटकात, असे असेल तर घर विकले जाणारच. वर्षात नाही तर दोन वर्षांत. मग बंद घरे. मीटर काढून नेलेले, दाराशी कचरा साठलेला. त्या घराची माहिती कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याकडे असते, आणि पानपट्टीवाल्याचा हिस्सा ठरलेला असतो.

त्यानंतर वर्तमानपत्र. आपण बातम्या वाचतो, ते मागची पाने वाचतात. वकिलांच्या जाहीर नोटिसा, आणि बँकांच्या ताबा नोटिसा. २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे हप्ते थकले की बँक साठ दिवसांची नोटीस देते, त्यानंतर ताब्याची कारवाई करते, आणि ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते. त्यातले एक स्थानिक भाषेतले असते. नाव, पत्ता, थकलेली रक्कम, सगळे त्यात येते. कर्जदाराच्या हितासाठी केलेली ही तरतूद एजंटाच्या हातात आयती यादी देते. "नोटीस छापून आली त्या दिवशी दुपारपर्यंत त्या घरात चार जण जाऊन आलेले असतात," ते म्हणाले.

आणि सोलापूरची खास गोष्ट म्हणजे माग. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तिच्यामागून दुसऱ्या आल्या, त्यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचे. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नावाने पानिपतचा माल विकला जाऊ लागला आणि पूर्व भागातले छोटे कारखाने एकेक करून बंद व्हायला लागले. एजंट म्हणाले, "माणूस आधी माग भंगारात काढतो, मग शेड काढतो, शेवटी घर. भंगारवाल्याशी दोस्ती ठेवली की सहा महिने आधी कळतंय की."

आम्ही विचारले, भाव कसा ठरवता?

"भाव नंतर. आधी तारीख शोधायची." मुलीच्या निकाहाची तारीख, ऑपरेशनची तारीख, बँकेची तारीख. माणसाला कुठल्या दिवशी पैसे लागणार आहेत ते कळले की त्याच्या घराचा भाव आपोआप कळतो. आणि दुसरी गोष्ट, तो कुणाकुणाला सांगणार नाही ते शोधायचे. "लाजणारा माणूस दुसरीकडे भाव विचारत नाही. आमचं निम्मं काम तोच करतो."

आमच्या इद्दतीच्या तारखेचे काय झाले होते, ते आम्हाला त्या क्षणी कळले.

दलाली हलाल, पण

आता धंद्यातल्या मुलांशी बोलतो. दलाली वाईट नाही. विकणाऱ्याला गिऱ्हाईक भेटत नाही, गिऱ्हाइकाला कागद कळत नाहीत, मधला माणूस लागतोच, आणि त्याची मजुरी हलाल आहे. एजंटांनी आम्हाला एक असेही घर सांगितले, जिथे चार भावांचे अकरा वर्षे बोलणे बंद होते. यांनी चौघांना वेगवेगळे भेटून, बहिणीचा हिस्सा आधी बाजूला काढायला लावून व्यवहार बसवला, दोन टक्के घेतले. त्या घरातले लोक त्यांना ईदला शीरखुर्मा पाठवतात. घाई असलेला विक्रेता शोधणे हे काम दोन्ही प्रकारे करता येते.

फरक कुठे पडतो, हे आपल्या दीनमध्ये फार स्पष्ट आहे. मदिनेच्या काळात गावाकडून माल घेऊन येणारे तांडे बाजारात पोहोचायच्या आधीच काही व्यापारी वाटेत गाठायचे आणि त्यांना बाजारभाव कळायच्या आत माल घेऊन मोकळे व्हायचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याला मनाई केली. सहीह मुस्लिममधल्या एका हदीसचा आशय तर असा आहे की कुणी असा व्यवहार केलाच, तर विकणारा बाजारात पोहोचून भाव कळल्यावर तो व्यवहार ठेवायचा की मोडायचा हे ठरवू शकतो. आमच्या बाबतीत त्या टपरीचाच बाजार होता, फक्त आम्ही तिथे सह्या करून पोहोचलो.

जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, ही हकीम बिन हिजाम (रजि.) यांना दिलेली ताकीदही प्रसिद्ध आहे. इसारावर पुढे विकणाऱ्याने ती एकदा आपल्या आलिमांकडे बसून समजून घ्यावी. इसाराच्या रकमेबद्दलही इमामांत मतभेद आहेत. इमाम अहमद बिन हंबल यांच्याकडे त्याला मुभा आहे, इतर बहुतेकांकडे नाही. आम्ही मुफ्ती नाही, म्हणून निकाल देत नाही.

हजरत जरीर बिन अब्दुल्ला (रजि.) यांची एक घटना मात्र सांगतो. त्यांच्या माणसाने त्यांच्यासाठी एक घोडा तीनशे दिरहमला ठरवला. जरीर (रजि.) यांनी घोडा पाहिला आणि विकणाऱ्याला म्हणाले, तुझा घोडा याहून जास्त किमतीचा आहे, चारशेला देशील? मग पाचशे म्हणाले, असे करत आठशेला घेतला. घेणाराच भाव वाढवत होता, कारण प्रत्येक मुसलमानाचे भले चिंतण्याची बैअत त्यांनी केली होती. आजच्या एजंटाने आठशेपर्यंत जावे असे आम्ही म्हणत नाही. समोरच्या बेवेला घराचा चालू भाव सांगावा, आपण किती घेणार ते सांगावे आणि तिला दोन माणसांना विचारायला आठ दिवस द्यावेत. एवढ्याने त्याचा धंदा बुडत नाही. दोन टक्क्यांवर घर चालवणारी माणसे याच शहरात आहेत.

शेजारी, बहीण आणि तो कागद

विकणाऱ्यांसाठी आता काही कामाच्या गोष्टी. आम्हाला वेळेवर कुणी सांगितल्या नाहीत.

इसार पावती हा साधा कागद नाही. नोंदणी झालेली नसली तरी तिच्या आधारे समोरचा माणूस करार पुरा करून मागण्याचा दावा लावू शकतो, आणि करारात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत लावू शकतो. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून असा आदेश देणे ही न्यायालयाच्या मर्जीची बाब राहिली नाही. कायद्यातली मोजकी कारणे नसतील तर आदेश मिळतो. म्हणजे दीड लाख घेऊन केलेली सही तुमचे चाळीस लाखांचे घर तीन वर्षे अडकवू शकते. 'ते सांगतील त्या इसमाच्या नावे' हे वाक्य दिसले तर तिथेच थांबा. ते खोडायला सांगा, किंवा निदान 'विकणाऱ्याच्या लेखी संमतीने' एवढे शब्द घालून घ्या. समोरचा खरा खरेदीदार असेल तर त्याला यात अडचण नसते.

इसार रोखीत घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, आणि दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला बसतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. आम्ही दीड लाख रोख घेतले होते. नशीब, एवढेच म्हणतो.

कुलमुखत्यारपत्र मागितले तर अजून सावध राहा. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण तुमच्या नावाने पुढे कोण काय लिहून देईल यावर तुमचा ताबा राहत नाही.

भाव कळायला एजंट लागत नाही. रेडी रेकनरचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्याच संकेतस्थळावर तुमच्या भागात गेल्या वर्षी नोंदलेल्या खरेदीखतांची सूचीही शोधता येते. खरा भाव त्याहून वरच असतो, पण निदान जमीन कुठे आहे ते पायांना कळते. घरातली कॉलेजला जाणारी मुलगी हे काम अर्ध्या तासात करेल. आमच्या भाचीने केले, पण तेव्हा आम्ही तिला विचारलेच नव्हते.

बँकेची नोटीस आली असेल तर वेळ फार मोलाचा असतो. थकबाकी भरून घर सोडवण्याचा तुमचा हक्क, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. त्याआधी बँकेत जा, शाखाधिकाऱ्यांना सांगा की आम्ही स्वतः गिऱ्हाईक शोधतो, लेखी परवानगी द्या. बँकेला पैसे हवे असतात, तुमचे घर नको असते. कर्जदार तंगीत असेल तर त्याला मुदत द्यावी, ही सूरह बकराची शिकवण घेणेकऱ्यासाठी आहे, पण मुदत मागण्याचे धैर्य देणेकऱ्यानेही ठेवावे लागते. आमच्या पतसंस्थेकडे आम्ही ती कधी मागितली नाही. पुढे दुसऱ्या एकाला त्याच प्रकारच्या कर्जात अठरा महिन्यांची मुदत मिळालेली आम्ही पाहिली. चार लाखांसाठी चाळीस लाखांचे घर विकावे लागले नसते.

बहिणींबद्दल थोडे जास्त लिहितो. बाप गेला त्या क्षणी बहिणीचा हिस्सा तिचा झाला. भावांनी 'द्यायचा' नसतो, तो तिचा असतोच. पण भाऊ तिला टाळतात तेव्हा एजंट तिच्याकडे जातो. "तुम्हाला भाऊ काही देत नाहीत, तुमचा हिस्सा मला लिहून द्या, मी रोख देतो." मुस्लिम वारसा कायद्यात प्रत्येक वारस आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, त्यामुळे सात भागांचा हिस्सा अर्ध्या भावात घेऊन परका माणूस घरात पाय घालतो आणि बाकीच्यांना नमवतो. यावर जुना इलाज आहे, फारसा कुणाला माहीत नाही. राहत्या घरातला हिस्सा घेतलेल्या परक्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कुटुंबातला हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घ्यायची मागणी करू शकतो. हे मुस्लिम कुटुंबांनाही लागू आहे, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९०८ सालीच म्हटले आहे. तरी कोर्टात जाण्यापेक्षा बहिणीला पहिल्या बैठकीला बोलावणे स्वस्त पडते. आमच्या कलबुर्गीच्या आपांनी नंतर एकच वाक्य ऐकवले, "फोनवर मला भाव सांगितला, विचारला नाही."

आणि शेजारी. हनफी फिकहमध्ये शुफा नावाचा हक्क आहे. घर विकताना आधी सहहिस्सेदाराला, मग वाट-पाण्यात भागीदार असलेल्याला, मग लागून असलेल्या शेजाऱ्याला खरेदीचा पहिला हक्क. नुसत्या शेजारीपणावर आधारलेला हा हक्क घटनेत बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये भाऊ राम खटल्यात दिला, त्यामुळे शेजारी म्हणून आज कुणाला कोर्टात तो मागता येणार नाही. पण विकायच्या आधी शेजाऱ्याला विचारायला कोणत्या कोर्टाने मनाई केली आहे? लागून असलेली जागा त्यालाच सगळ्यात जास्त किमतीची असते. आमच्या चाचांनी दिले असते ते चव्वेचाळीस लाख, दलाली शून्य, आणि अम्मींना ईदच्या दिवशी त्या घराच्या दारात जाता आले असते.

अम्मी आता धाकट्याकडे पुण्यात असतात, चौथ्या मजल्यावर. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. त्या गृहस्थांनासुद्धा नाही. एकदाच म्हणाल्या, "खजूर चांगले होते."

सात रस्त्याजवळच्या त्या एजंटांचा निरोप घेऊन आम्ही उठलो तेव्हा त्यांनी चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत. मोटारसायकलला किल्ली लावता लावता म्हणाले, "तुमच्या जुन्या गल्लीत मशिदीच्या बाजूचं ते हिरव्या दाराचं घर, वर्षभर बंद आहे बघा. मुलगा कुठं असतोय, माहिती आहे का?"

माहीत होते. आम्ही नाही म्हणालो. त्या रात्री त्या मुलाला भिवंडीला फोन लावला आणि सांगितले की घर काढायचे असेल तर आधी चाचांना विचार, त्यांचे धाकटे अजून जागा शोधत आहेत. तो म्हणाला, "भाईजान, चाचांना कसं सांगू? मोहल्ल्यात होईल ना सगळ्यांना." मग म्हणाला की त्याला या महिन्यात तीन जणांचे फोन येऊन गेले आहेत, आणि त्यातला एक उद्या भेटायला भिवंडीला यायचा आहे. इसार घेऊनच.

आम्ही त्याला एक दिवस थांब म्हणालो, आणि सकाळी फजरनंतर चाचांच्या दारात जाऊन उभे राहिलो.